विश्लेषण : कुरणातील नाकतोड्यांचा बंदोबस्त कमी खर्चात कसा करायचा?

पावसाने उघडीप दिली, की बांधावरच्या गवतातून चालताना पायापुढून टणाटण उड्या मारणारे नाकतोडे दिसू लागतात. दोन-चार असतील तर कोणी लक्ष देत नाही. एखाद्या वर्षी मात्र त्यांची संख्या इतकी वाढते, की गायरानातले पवन्या, मारवेलसारखे कसदार गवत आणि कापणीनंतर नव्याने फुटलेले नेपियर जनावरांआधी तेच फस्त करतात. अशा वेळी पशुपालकापुढे पेच उभा राहतो. फवारणी करावी तर खर्च अनेकदा वाचलेल्या चाऱ्याच्या किमतीहून जास्त होतो आणि औषधाचा अंश दुधात उतरण्याची धास्ती राहते. फवारणी न करावी, तर उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागते. यातून मधला मार्ग आहे का, हे समजून घेण्यासाठी आधी नाकतोड्याचे वर्षभराचे वेळापत्रक माहीत असायला हवे.

नाकतोडे खरोखर किती चारा खातात?

एक साधा हिशेब करून पाहता येतो. एक एकर म्हणजे सुमारे ४ हजार चौरस मीटर. समजा, कुरणात दर चौरस मीटरला १० नाकतोडे आहेत. म्हणजे एकरात ४० हजार. प्रत्येकाने दिवसाला केवळ अर्धा ग्रॅम हिरवा चारा खाल्ला, तरी रोजचे २० किलो गवत गेले. हे जवळपास एका गाईच्या दिवसभराच्या हिरव्या चाऱ्याइतके आहे. म्हणजे गोठ्यात न बांधलेले एक जनावर रोज एकरभर रानात चरून जाते. शिवाय नाकतोडा जेवढे खातो, त्याखेरीज पाती कुरतडून खाली पाडतो, ते नुकसान वेगळे. तो कोवळ्या फुटव्यांवर ताव मारतो, त्यामुळे गवताची पुढची वाढही खुंटते.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. भरपूर पाऊस झालेल्या वर्षी, गवत कमरेइतके वाढलेले असताना हेच ४० हजार नाकतोडे फारसे जाणवत नाहीत. पावसाने ताण दिला आणि गवत वीतभरच राहिले, की तेवढीच संख्या डोळ्यांत भरते. त्यामुळे नुकसान किती होणार, हे किडीच्या संख्येबरोबरच रानात गवत किती आहे यावर ठरते.

नाकतोडा आणि टोळ यांत फरक काय?

दोघे एकाच कुळातले. मात्र टोळांच्या काही मोजक्या जाती गर्दी झाली की रंग आणि वागणूक बदलतात, थवा करतात आणि शेकडो किलोमीटर उडत जातात. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांच्या झुंडी मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूर भागांत उतरल्या होत्या, तो याच प्रकारातला हल्ला. त्यावर पाळत ठेवण्यासाठी देशात १९३९ पासून टोळ चेतावणी संघटना काम करते आहे.

गावच्या कुरणातला नाकतोडा मात्र स्थानिक असतो. तो तिथेच जन्मतो, तिथेच अंडी घालतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीत आढळणारा एक नाकतोडा तर बिनपंखी आहे. त्याला उडताच येत नाही. त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हैसूर संस्थानात अभ्यास झाला होता. स्थानिक किडीचा फायदा असा, की ती कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो. ती गेल्या वर्षी जिथे होती, त्याच बांधातून बहुधा यंदाही बाहेर पडते.

त्यांना गाठायची योग्य वेळ कोणती?

आपल्याकडच्या अनेक नाकतोड्यांची वर्षाला एकच पिढी होते. मादी पावसाळा सरताना, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जमिनीत काही सेंटिमीटर खोलीवर अंड्यांचे पुंजके घालते. त्यासाठी तिला न नांगरलेली, उघडी, थोडी घट्ट जमीन लागते. बांध, पाणंद, ओढ्याची कड, उजाड माळ या तिच्या आवडत्या जागा. ही अंडी हिवाळा आणि उन्हाळा जमिनीतच काढतात. मृगाचा पाऊस झाला, की जून-जुलैमध्ये त्यातून मुंगीपेक्षा थोडी मोठी पिले बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. पाच-सहा वेळा कात टाकत दीड-दोन महिन्यांत ती प्रौढ होतात.

स्वस्त नियंत्रणाच्या खिडक्या या चक्रात दोनच आहेत. पहिली उन्हाळ्यात, अंडी जमिनीत असताना. दुसरी पाऊस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत, पिले लहान, बिनपंखी आणि बांधाच्या कडेला एकवटलेली असताना. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पंख फुटल्यावर ती रानभर पांगतात. बहुतेक जण जागे होतात ते नेमके तेव्हाच. त्या वेळी केलेल्या फवारणीने खर्च वाढतो आणि फायदा घटतो, कारण तोवर बरेच गवत खाऊन झालेले असते आणि काही माद्यांनी अंडीही घातलेली असतात.

उपाय करायचा की नाही, हे कसे ठरवायचे?

त्यासाठी मोजणी करावी, आणि तिला एक छदामही लागत नाही. अमेरिकेतील पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात वापरली जाणारी पद्धत सोपी आहे. कुरणातून चालत जाताना थोड्या थोड्या अंतरावर पुढची एक फूट लांब, एक फूट रुंद जागा नजरेने धरायची आणि त्यातून किती नाकतोडे उडतात ते मोजायचे. अशा १८ जागा पाहायच्या. एकूण संख्येला दोनने भागले, की एका चौरस यार्डातील, म्हणजे ९ चौरस फुटांतील नाकतोडे कळतात. ही संख्या ८ किंवा त्याहून जास्त असेल, तर तिथे धोक्याची पातळी मानली जाते. थोडक्यात, १८ जागांत मिळून १६ नाकतोडे दिसले, की सावध व्हायचे.

हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असे नाही. गवत विरळ असेल तर याहून कमी संख्याही त्रासदायक ठरते, दाट असेल तर जास्तही चालून जाते. शिवाय अगदी लहान पिलांपैकी बरीचशी पाऊस, पक्षी आणि कोळी यांच्यामुळे आपोआप मरतात. म्हणून आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजणी केली, तर संख्या वाढते आहे की घटते आहे ते समजते. घटत असेल, तर हात राखून ठेवलेलाच बरा.

मोजताना आणखी एक खूण पाहावी. दमट हवेत काही नाकतोडे गवताच्या शेंड्याला मिठी मारून, डोके वर करून मेलेले आढळतात. हा बुरशीजन्य रोगाचा परिणाम असतो. असे मेलेले नाकतोडे बरेच दिसले, तर निसर्गाने काम हाती घेतले आहे असे समजून फवारणीचा खर्च टाळता येतो.

चराईचा आणि नाकतोड्यांचा काय संबंध?

फार जवळचा. जमीन उघडी पडली, की ती लवकर तापते. नाकतोड्याला ऊन आवडते आणि मादीला अंडी घालायला उघडी जमीनच हवी असते. त्यामुळे अतिचराई झालेला माळ हा त्यांचा पाळणा ठरतो. चीनमधील इनर मंगोलियातल्या गवताळ प्रदेशावर २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक दुवा दाखवला. जास्त चराईमुळे गवतातील नत्र, पर्यायाने प्रथिने घटतात आणि तिथल्या टोळाची एक जात अशाच कमी प्रथिनांच्या गवतावर अधिक जोमाने वाढते. म्हणजे जनावरांसाठी निकस झालेले रान या किडीसाठी मात्र सोयीचे ठरते.

म्हणूनच आलटून पालटून चराई हा सर्वांत स्वस्त उपाय मानला जातो. कुरणाचे तीन-चार भाग करून एका वेळी एकच भाग चरायला सोडायचा आणि बाकीच्या भागांत गवत वाढू द्यायचे. गवताची सावली राहिली, की जमीन थंड व ओलसर राहते, पिलांची वाढ मंदावते आणि अंडी घालायला उघडी जागा कमी मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत स्वीकारली ती प्रामुख्याने पाणलोट आणि चाऱ्यासाठी. मात्र जमीन गवताने झाकलेली राहण्याचा हा फायदाही अशा पद्धतीत आपसूक मिळतो.

रासायनिक फवारणीने प्रश्न सुटत नाही का?

नाकतोडे मरतात, पण हिशेब जुळत नाही. भाजीपाला किंवा द्राक्षात एका फवारणीचा खर्च निघून येतो. गवताचे एकरी उत्पन्न मुळातच कमी असते, त्यामुळे औषध, पंप आणि मजुरी मिळून होणारा खर्च अनेकदा वाचलेल्या गवताच्या किमतीपेक्षा जास्त भरतो.

दुसरा मुद्दा दुधाचा. भाजी धुऊन घेता येते, गवत कोणी धूत नाही. फवारलेला चारा खाल्ल्यावर काही औषधांचे अंश दुधात उतरू शकतात. कुरणातून ओढ्यात आणि जनावरे पाणी पितात त्या डबक्यातही औषध वाहून जाते. म्हणूनच डब्यावरील लेबलवर पीक, कीड आणि फवारणीनंतर थांबायचा कालावधी, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेले असेल तरच ते औषध चाऱ्यावर वापरावे. कपाशीचे उरलेले औषध बांधावर मारणे हा सर्वांत धोकादायक ‘काटकसरी’ उपाय आहे.

तिसरा मुद्दा कायद्याचा. नाकतोड्यांवर धुरळायची म्हणून जुन्या शेतकऱ्यांना आठवणारी बीएचसी पावडर १९९७ मध्ये बंद झाली. मिथिल पॅराथिऑन आणि कार्बारिल यांच्यावर २०१८ मध्ये बंदी आली, तर फोरेट २०२० अखेर बाद झाले. घरात जुन्या पुड्या पडून असतील तर त्या वापरू नयेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा जीव गेला, हे विसरून चालणार नाही.

कोंडा-गुळात विष कालवून आमिष टाकण्याचा सल्लाही काही वेळा दिला जातो. चराऊ रानात तो अजिबात पाळू नये. कोंडा आणि गूळ नाकतोड्याइतकाच गाईलाही आवडतो.

अमेरिकेतील ‘पट्टा पद्धत’ काय आहे?

तिथे हजारो एकरांच्या कुरणांवर विमानाने फवारणी होते आणि तिथेही खर्चाचाच प्रश्न होता. १९९० च्या दशकात वायोमिंग विद्यापीठातील संशोधकांनी वेगळा विचार मांडला. सगळे रान फवारण्याऐवजी एक पट्टा फवारायचा, शेजारचा सोडायचा आणि मात्राही कमी ठेवायची. न फवारलेल्या पट्ट्यातील नाकतोडे हिंडत हिंडत फवारलेल्या पट्ट्यात येतात आणि मरतात. सोडलेल्या पट्ट्यांत पक्षी, कोळी आणि इतर मित्रकीटक टिकून राहतात व उरलेल्यांचा समाचार घेतात. या पद्धतीने औषध आणि खर्च निम्म्याहून अधिक वाचतो, असे तिथला अनुभव सांगतो. त्यासाठी प्रामुख्याने डायफ्लुबेन्झुरॉन हे कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणणारे औषध वापरले जाते. त्याचा परिणाम पिलांवरच होतो, म्हणून तिथेही वेळेला महत्त्व आहे.

तिथे खर्चाची वाटणीही ठरलेली आहे. संघराज्य सरकारच्या मोहिमेत केंद्राच्या जमिनीचा पूर्ण, राज्याच्या जमिनीचा निम्मा आणि खासगी जमिनीचा एक तृतीयांश खर्च सरकार उचलू शकते. किडीला बांध कळत नाही, तेव्हा एकट्याने खर्च करून उपयोग नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे.

आपल्याकडे परवडणारे उपाय कोणते?

एक, उन्हाळ्यात बांध खरडणे. गेल्या हंगामात जिथे नाकतोडे जास्त होते, तेवढ्याच जागा एप्रिल-मेमध्ये कुदळीने वरवर खरडाव्यात. अंडी उघडी पडून उन्हाने सुकतात, पक्षी वेचून खातात. सगळे बांध सरसकट खरडू नयेत. त्याने माती वाहून जाते आणि चांगल्या गवताचे ठोंबही उपटले जातात.

दोन, पिले गोळा करणे. पहाटे गारव्यात नाकतोडे सुस्त असतात. दोघांनी जुनी मच्छरदाणी किंवा कापडी झोळी धरून बांधाच्या कडेने गवतावरून वेगाने ओढत नेली, तर पिले त्यात अडकतात. ही पिले कोंबड्यांना घातली, की खाद्यही वाचते. ज्या रानात विषारी फवारणी झाली आहे, तिथले कीटक मात्र कोंबड्यांना घालू नयेत.

तीन, निंबोळी अर्क. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळायचा आणि एकूण द्रावण १०० लिटर करायचे. हा ५ टक्के अर्क झाला. निंबोळीमुळे नाकतोड्याची भूक मंदावते आणि पिलांना कात टाकणे अवघड होते. तो लगेच पटापट मरत नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मेलेल्या किडींचा खच शोधू नये. कडक उन्हात अर्क लवकर निष्प्रभ होतो, म्हणून संध्याकाळी फवारावा. पूर्ण एकराला सुमारे २०० लिटर द्रावण लागते. पण पिले बांधालगत असतानाच कडेचे पट्टे फवारले, तर त्याच्या काही हिश्शात काम भागते. चव कडू लागत असल्याने तो भाग काही दिवस चराईला बंद ठेवावा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली फुकट मिळतात. त्या वाळवून पुढच्या वर्षासाठी साठवल्या, तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

चार, बुरशीवर आधारित जैविक कीडनाशक. मेटारायझियम गटातील एक बुरशी टोळ-नाकतोड्यांसाठीच ओळखली जाते. २०२० मध्ये सोमालियात टोळांविरुद्ध ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे मेटारायझियम आणि बिव्हेरिया या बुरशींची भुकटी कृषी विद्यापीठे व अनेक कृषी विज्ञान केंद्रांत मिळते. बुरशीला ओलावा लागतो, त्यामुळे पावसाळी ढगाळ हवेत, संध्याकाळच्या वेळी फवारल्यास ती चांगली रुजते. परिणाम दिसायला आठवडाभर किंवा अधिक वेळ लागतो.

पक्ष्यांचा खरोखर किती उपयोग होतो?

चरणाऱ्या गाईंच्या पायांशी घोटाळणारे गायबगळे काही उगाच येत नाहीत. जनावरांच्या पावलांनी उडालेले नाकतोडे ते टिपतात. कोतवाल, साळुंकी, नीलकंठ हेही त्याच पंगतीतले. कुरणात अधूनमधून टी आकाराचे पक्षिथांबे रोवले किंवा एखादे बाभळीचे झाड राखले, तर त्यांना बसायला जागा मिळते.

पळसमैना ऊर्फ भोरड्या यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. हिवाळ्यात सोलापूर, मराठवाड्यातल्या ज्वारीवर उतरणारे त्यांचे थवे शेतकरी गोफणीने हाकलतात. हेच पक्षी उन्हाळ्यात मध्य आशियात पिले वाढवतात ती मुख्यतः टोळ-नाकतोड्यांवर. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर त्यांनी घरटी करावीत म्हणून कुरणांत मुद्दाम दगडांचे ढीग रचले जातात.

आपल्या माळरानावरचा माळढोकही नाकतोड्यांवर ताव मारणारा. सरसकट विषारी फवारणीने किडीबरोबर तिचे शत्रूही जातात, आणि पुढच्या वर्षी कीड आधी परत येते.

चाऱ्यावरच्या इतर किडींचे काय?

लष्करी अळी : अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये देशात प्रथम कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आढळली. चाऱ्याच्या मक्याचा पोंगा ती पोखरते. पेरणीनंतर आठवड्यातून दोनदा पोंगे तपासावेत, अंडीपुंज दिसताच पान चुरगळावे आणि अळ्या लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा मेटारायझियम लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात पोंग्यात पडेल असे फवारावे.

हुमणी : ही अळी गवताची मुळे कुरतडते आणि गवताचे ठिगळ ओढताच हातात येते. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यात उसासाठी गावे एकत्र येऊन हे काम करतात. कुरणालाही त्याचा लाभ होतो.

मावा : लसूणघासावर मावा वाढला, तर फवारण्यापेक्षा कापणी काही दिवस आधी करणे सोयीचे. कापणीबरोबर बराचसा मावा निघून जातो.

ब्लिस्टर भुंगेरे : बाजरीच्या कणसांवर आणि फुलांवर बसणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या अंगात विषारी द्रव्य असते. वाळल्या चाऱ्यात ते मेलेले राहिले, तर जनावरांना, विशेषतः घोड्यांना बाधू शकतात. गंमत अशी, की यांतल्या अनेक जातींच्या अळ्या जमिनीतली नाकतोड्यांची अंडी खातात. म्हणून त्यांच्यामागे फवारा घेऊन लागू नये. चारा फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापावा, एवढे पुरेसे आहे.

वाळवी : गंजी थेट जमिनीवर न रचता दगड किंवा लाकडी ओंडक्यांवर रचावी आणि भोवती चर काढून पाणी साचू देऊ नये.

किडीने खाल्लेल्या ज्वारीबाबत मात्र विशेष काळजी हवी. शेंडा खाल्ल्यावर किंवा कापणीनंतर फुटलेले कोवळे फुटवे, त्यातही पाण्याचा ताण पडलेले, जनावरांना विषारी ठरू शकतात. यालाच गावाकडे ‘किरळ लागणे’ म्हणतात. अशा रानात जनावरे सोडू नयेत. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच चारा द्यावा.

पुढच्या हंगामासाठी काय करता येईल?

ऑक्टोबरमध्ये नाकतोडे कोणत्या बांधावर जास्त आहेत, ते पाहून ठेवायचे. एप्रिल-मेमध्ये नेमक्या त्या जागा खरडायच्या. जूनमध्ये निंबोळ्या वेचायच्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी मोजणी करायची आणि गरज असेल तिथेच कडेचे पट्टे हाताळायचे. ऑगस्टनंतर संख्या जास्त दिसली, तर फवारणीऐवजी गवत लवकर कापून, वाळवून सुरक्षित करायचे. उरलेले वर्ष चराईला शिस्त लावायची.

यातले कोणतेच काम एका शेतकऱ्याच्या बांधापुरते पुरत नाही. गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते, पाणंद सगळ्यांची असते आणि नाकतोडा या दोन्हींतून येतो. ग्रामसभेत एप्रिलमध्ये अर्धा तास या विषयाला दिला आणि बांध खरडण्याचा दिवस ठरवला, तर सप्टेंबरमध्ये औषधाच्या दुकानात जाण्याची वेळ बहुतेकांवर येणार नाही.